अज्जाची पुडी

मीनाबाईला सकाळ नको वाटायची. उजाडलं की आधी पाय जमिनीला टेकवायचे, आणि नेमकं तेच तिला व्हायचं नाही. रात्रीतून घोट्यात कुणी सिमेंट ओतून गेल्यासारखे पाय घट्ट झालेले असायचे. अंथरुणाच्या कडेला ती बराच वेळ बसून राही, मग भिंतीला हात लावून उठे. तोंडातून आवाज फुटू नये म्हणून पहिली पावलं टाकताना पदर दातांत धरी. ऊन वर आलं की घोटे जरा सैल पडत, पण दुपारी गुडघे धरत.

एकोणीसशे शहाण्णव साल असेल. उचगावात विहाराजवळच्या गल्लीत तिचं घर. ती अंगणवाडीत मदतनीस होती. लोक म्हणत, काम हलकं आहे. पण ते सगळं खाली बसून करायचं काम. पोरांची नाकं पुसायची, सुकडी वाटायची, एखादं रडून आकांत करायला लागलं की काखेला मारून त्याच्या घरी पोचवायचं. नवरा बाळासो एसटीत ड्रायव्हर. एकुलती मुलगी दीक्षा लग्न होऊन जयसिंगपूरला नांदत होती. घरात दोघंच. आणि तिसरं ते दुखणं.

उपाय केले नाहीत असं नाही. कारणं तर जो येईल तो सांगत होता. कुणी म्हणालं बाळंतपणात वारं शिरलं असेल, कुणी म्हणालं अंगणवाडीची फरशी गार म्हणून, कुणी म्हणालं दही बंद कर. तिनं दही बंद केलं. निर्गुडीचा पाला शेकून बांधला, एरंडाचं पान तव्यावर गरम करून गुडघ्याला गुंडाळलं, आंबेहळदीचा लेप लावून पिवळ्या पायांनी अंगणवाडीत गेली. गावातल्या डॉक्टरच्या सुईनं दोन दिवस बरं वाटायचं. दुखायच्या गोळ्या खाऊन खाऊन पोटात आग पडायला लागली, तेव्हा बाळासो तिला कोल्हापुरात हाडाच्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "हे झिजेचं दुखणं नव्हे. सांध्यांचा वात आहे. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, त्यातला प्रकार. गोळ्या देतो, पण गुण यायला दोन-तीन महिने लागतील. मध्येच सोडायच्या नाहीत."

त्या गोळ्यांनी तिला मळमळायला लागलं. केस गळायला लागले. घोटे होते तसेच. महिना-दीड महिना तिनं कळ काढली.

"दुखणं आज हाय आन् गुण दोन म्हैन्यांनी," ती म्हणाली. "असलं कसलं औषिध हो?"

गोळ्या फडताळात राहिल्या.

बाळासोची ड्युटी तेव्हा निपाणी लाइनवर होती. त्या गाडीला एक म्हातारी नेहमी असायची, तंबाखूच्या वखारीत काम करणारी. आधी तिला दोन माणसं धरून गाडीत चढवावी लागायची, आणि तिच्यापायी गाडी उभी करून ठेवताना बाळासो वैतागायचा. एक दिवस तीच म्हातारी पिशवी खांद्याला लावून टणाटणा पायऱ्या चढून आली. बाळासोनं आरशातून बघितलं, मग मागं वळून बघितलं.

"काय आज्जी, पाय नवं बसवून घेतलासा काय?"

"अज्जाची पुडी खातोय ड्रायव्हरसाहेब," म्हातारी हसली. "पायात देवच आला बगा."

अज्जा म्हणजे कानडीत आजोबा. हद्दीपलीकडच्या एका खेड्यात तो पुडी द्यायचा. पुढच्या सुट्टीला बाळासो मीनाबाईला घेऊन तिथं गेला. घराच्या पुढच्या सोप्यात माणसं दाटीनं बसली होती, कुणाच्या गुडघ्याला फडकं, कुणाच्या हातात काठी. अज्जा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पाटावर बसला होता. त्यानं मीनाबाईचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "नोवु होगतद. दुखणं जातंय, काळजी न्हाई." आतल्या खोलीत मिक्सर घुरघुरत होता. करड्या रंगाच्या पुड्या कागदात बांधून मिळाल्या. जेवल्यावर दुधातून घ्यायची, आंबट आणि वांगं खायचं नाही.

तीन-चार दिवसांनी बाळासो संध्याकाळी ड्युटीवरून आला तर मीनाबाई चुलीपुढं मांडी घालून भाकरी थापत होती. गेलं वर्षभर तिनं मांडी घातली नव्हती. तो दारातच थांबला. ती त्याच्याकडे बघून हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अवो, दुखतच न्हाई," ती म्हणाली. "कुटं गेलं काय की!"

त्या पौर्णिमेला ती विहारात गुडघे टेकून वंदनेला बसली. बाळासो मागच्या रांगेतून तिच्या पाठीकडेच बघत होता. क्लच दाबून दाबून त्याचाही डावा गुडघा धरायचा, पण त्यानं पुडी घेतली नाही. आपलं दुखणं तिच्या मानानं काहीच नाही, असं त्याला वाटायचं.

गावात गोष्ट लपत नाही. पहिल्यांदा आली ती चिमणाबाई.

चिमणाबाईच्या घरात ती, मुलगा आकाराम आणि सून वर्षाराणी. घरची शेती, गोठ्यात म्हशी. मीनाबाई रोज तिच्याकडून दूध आणायची. दूध दारातच मिळायचं, वरून ओतून. इतक्या वर्षांत त्या घरात कुणी मीनाबाईला आत ये म्हटलं नव्हतं आणि चिमणाबाईचं पाऊल विहाराच्या गल्लीला लागलं नव्हतं. कुणी कुणाशी वाईट वागत नव्हतं, चालत आलं होतं तसं चाललं होतं. ती चिमणाबाई काठी टेकत, दोनदा वाटेत बसत, बाळासोच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाळासो, त्या पुडीचं कळलंय मला. मला बी आनून दे की लेका. रातभर गुडघं ठणकत्यात, झोप न्हाई."

"आणतो की काकू. बसा."

ती खुर्चीवर बसली. मीनाबाईनं बिचकत विचारलं, "च्या ठेवू?"

"ठेव की," चिमणाबाई म्हणाली, आणि कपबशी दोन्ही हातांनी धरून सगळा चहा प्याली. ती गेल्यावर नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले.

त्यानंतर माणसं येतच राहिली. पलीकडच्या आळीची धोंडुबाई आली. सोसायटीचे माजी चेअरमन हंबीरराव स्वतः आले नाहीत, पण त्यांचा गडी आला; पुढं तेही मोटरसायकल लावून दारात बसायला लागले. बाळासोच्या जेवणाच्या पिशवीत डब्याशेजारी पुड्यांचे जुडगे असायचे. प्रत्येकाच्या नावानं त्यावर दोरा वेगळ्या रंगाचा. अज्जाही त्याला ओळखायला लागला होता, रांगेत थांबवत नव्हता. गावात कुणी पाहुणा शिरला आणि ड्रायव्हरचं घर विचारलं की लोक म्हणत, "पुडीवाल्या बाळासोचं व्हय? या इकडून." त्यात त्याला काही मिळवायचं नव्हतं. पण चालता न येणारी माणसं त्याच्या शब्दावर चालायला लागली होती, आणि ज्यांच्या दारात तो बाहेर उभा राहायचा ती त्याच्या घरात बसून चहा पीत होती. हे त्याला आवडत होतं. कुणालाही आवडलं असतं.

मीनाबाईची भूक वाढली. गाल भरले. बायका म्हणायच्या, "मीना, अंगानं सुधारलीस गं." एकदा अज्जाच्या घरी कुणी वारलं म्हणून दार बंद होतं, पुडी मिळाली नाही. तेव्हा दोन-तीन दिवसांतच तिचं अंग गळून गेलं, दुखणं दुपटीनं उसळलं, हातपाय थरथरायला लागले. पुडी आली आणि पुन्हा सगळं थांबलं.

"बघ, म्हंजे औषिध खरं हाय," बाळासो म्हणाला. तिलाही तसंच वाटलं.

दीक्षा जयंतीला माहेरी आली ती आईकडे बघून चपापली. तोंड भाकरीसारखं गोल झालं होतं. मानेमागं मांसाचा उंचवटा आला होता. पोट सुटलं होतं आणि हात-पाय मात्र बारीकच. दंडावर, पोटरीवर निळे डाग. कुठं आपटलं म्हणून विचारलं तर तिला आठवत नव्हतं.

"आण्णा, ही सुधारणा न्हाई. ही सूज हाय," दीक्षा म्हणाली. "हिची मान कुटं गेली बघा की."

"आधी काडी झालती तवा तुला बरी वाटत होती व्हय?" बाळासो चिडला. "पाय धरून रडायची ती. तू न्हवतीस हितं."

"एकदा डॉक्टरला दाखवा एवढंच म्हणतोय."

"डॉक्टरनंच दोन म्हैनं घालवलं आमचं."

मीनाबाई मध्ये पडली. "राहू दे गं. माझ्या पायानं चालतोय न्हवं मी?"

जाताना एसटीच्या खिडकीतून दीक्षा आईकडे बघत होती, आईच्या तोंडाकडे.

नव्याण्णवच्या पावसाळ्यात मीनाबाईचा घोटा मोडला. ती पडलीसुद्धा नाही. अंगणवाडीच्या पायरीवरून खाली उतरली, पायरी वीतभर उंच, आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. प्लॅस्टर घातलं. आठवड्यानं प्लॅस्टरच्या आतून वास यायला लागला, ताप चढला. कोल्हापुरात थोरल्या दवाखान्यात नेऊन प्लॅस्टर कापलं तर ते घासून झालेली जखम आत चिघळली होती. रक्तात साखर भरमसाट निघाली. तिला साखरेचा आजार असल्याचं तोवर कुणाला ठाऊकच नव्हतं. दवाखान्यात दाखल करून घेतलं.

वॉर्डातली डॉक्टरीणबाई वयानं दीक्षाएवढी होती. तिनं जखम बघितली, मग मीनाबाईचं तोंड बघितलं, दंडावरची कातडी दोन बोटांत धरली. कातडी कागदासारखी पातळ झाली होती. पोटावर जांभळे चरे होते.

"काका, ह्या काय औषध घेतात?"

"झाडपाल्याचं हाय. पुडी."

"किती वर्षं?"

"झाली की तीनएक वर्षं."

"आहे का जवळ?"

बाळासोनं खिशातून पुडी काढून दिली. दवाखान्यातही तो ती लपवून देत होता. डॉक्टरीणबाईनं कागद उलगडून बघितला आणि सुस्कारा सोडला.

"ह्यात झाडपाल्याबरोबर स्टिरॉइड मिसळलेलं असणार. खात्री करायला तपासायला पाठवते, पण ह्यांच्या अंगावर सगळं दिसतंच आहे. ते दुखणं दाबतं, पण आतून हाडं पोकळ करतं, साखर वाढवतं, जखम भरू देत नाही. पायरीवरून उतरताना घोटा मोडतो तो असा. आता ही पुडी बंद. काका, नीट ऐका, ह्या औषधाचं असं असतं की..."

पण बाळासो उठला होता. त्याच्या डोळ्यांपुढं सगळी गल्ली आली. चिमणाकाकू, धोंडुबाई, हंबीरराव, रंगीत दोऱ्यांचे ते जुडगे. "आलोच," एवढंच म्हणून तो वॉर्डाबाहेर पडला. डॉक्टरीणबाई मागून काहीतरी बोलत होती.

केएमटीच्या बसनं तो गावात आला आणि पहिलं दार लागलं त्या घरात शिरला. पुडी टाका, ते विष आहे, मीनाचा पाय त्यानंच गेला, असं सांगत दारोदार फिरला. कुणी घाबरलं, कुणी हसलं. धोंडुबाईनं पुड्या पदराखाली धरल्या आणि म्हणाली, "उद्या बगू." हंबीरराव पान लावत होते. ते म्हणाले, "डॉक्टर लोकांचं पोट बुडतंय बाळासो. म्हणून बोलत्यात."

चिमणाबाईनं मात्र काही विचारलं नाही. ती अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती, दोन्ही पाय खाली दुमडून. आत जाऊन पुड्यांचा डबा घेऊन आली.

"आनल्यास तू, आता टाक म्हणतोस बी तूच. घे."

बाळासोनं डबा गटारात पालथा केला. करडी भुकटी पाण्यावर तरंगत गेली.

"मग गुडघ्याचं काय करायचं रं?" तिनं विचारलं.

"चांगल्या डॉक्टरला दाखवू काकू. मी नेतो तुम्हाला. मीनाचं एवढं निस्तरू दे."

"बरं," चिमणाबाई म्हणाली. "तिला म्हणावं लवकर बरी हो."

पुढचे दिवस बाळासो दवाखान्यातच होता. मीनाबाईची जखम रोज धुवायची, ती ओरडायची, तो खिडकीकडे तोंड करून उभा राही. पाय कापावा लागेल की राहील, हे कुणी सांगत नव्हतं. चार-पाच दिवसांनी शेजारची तानाबाई डबा घेऊन आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "चिमणाकाकूनं हातरूण धरलंय. पोटात अन्न ठरत न्हाई, सारख्या उलट्या. उठून बसलं की चक्कर येतीया. पित्त खवळलंय म्हणत्यात."

"पुडी सोडली म्हणून दुखत असंल," बाळासो म्हणाला. "उद्या जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी मीनाबाईला आत नेऊन जखमेचा सडका भाग काढला. त्याला जाता आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की चिमणाबाई गेली. आकारामनं तिला गावातल्या दवाखान्यात नेऊन सलाइन लावलं होतं. चढत असतानाच ती हाक मारल्यावर ओ देईनाशी झाली.

बाळासो मातीला गेला. पावसानं लाकडं ओली होती, रॉकेल ओतून ओतून पेटवावी लागली. माणसं म्हणत होती, वय झालं होतं, सोनं झालं, अंथरुणात पिचली नाही. आकाराम भिजत उभा होता. बाळासोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आकारामनं तो तसाच राहू दिला.

वॉर्डात परत आला तेव्हा नर्स मीनाबाईला गोळ्या देत होती. त्यातली एक बारकी पांढरी गोळी त्याच्या डोळ्यात भरली. डॉक्टरीणबाई शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला तपासत होती.

"ही कशाची हो?" त्यानं सहज विचारलं.

"पुडीत जे होतं ना, तेच आहे हे. मोजून देतोय, आणि हळूहळू कमी करत आणणार."

"तेच? तुम्ही तर बंद करा म्हणालासा."

"पुडी बंद. पण इतकी वर्षं घेतल्यावर हे औषध एकदम तोडता येत नाही, काका. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर आपलं स्वतःचं तयार करायचंच विसरतं. एकदम थांबवलं की उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, माणूस हातचं जाऊ शकतं. त्या दिवशी मी तेच सांगत होते. तुम्ही उठून गेलात."

बाळासोनं खाटेची दांडी धरली.

"काय झालं?"

"आमच्या गावात एक म्हातारी होती," तो म्हणाला. पुढचं त्याला एका दमात सांगता आलं नाही.

डॉक्टरीणबाईनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही," ती म्हणाली. "वय होतं. दुसरंही काही असू शकतं." पण तिचा चेहरा तसं म्हणत नव्हता. मग तिनं एकदम विचारलं, "आणखी किती जण घेतात? ज्यांनी सोडलीय त्यांना आजच्या आज घेऊन या. आज, काका. उद्या नाही."

तो पुन्हा गावात आला. त्याच दारांत पुन्हा उभा राहिला.

"आदी घ्या म्हणालास," एक जण त्याला म्हणाला, "मग टाका म्हणालास. आता हळूहळू सोडा म्हणतोस. तुझं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?"

तो हात जोडत होता, पायाला हात लावत होता. ज्यांनी सोडली होती अशी चार-पाच माणसं त्यानं टेम्पोत घातली. त्यात धोंडुबाई होती. तिनं शेवटी दोन दिवसांपूर्वी पुड्या टाकल्या होत्या आणि तिला उभं राहवत नव्हतं. ती वाचली. बाकीचेही सावरले. हंबीरराव आले नाहीत. बाळासोनं पुडी आणायची बंद केल्यावर त्यांनी गड्याला थेट अज्जाकडे पाठवायला सुरुवात केली. आणखी दोघा-तिघांच्या पुड्या त्याच गड्याबरोबर यायला लागल्या.

बाळासो एकदा अज्जाकडेही गेला. सोपा भरलेला होताच. त्यानं सगळ्यांसमोर मीनाबाईच्या पायाचं सांगितलं, ओरडून सांगितलं. अज्जानं डोळेही उघडले नाहीत. रांगेतल्याच एका माणसानं, ज्याला धड उभं राहता येत नव्हतं, बाळासोला कॉलर धरून बाहेर काढलं. "आमचा नंबर हाय," तो म्हणाला, "घालवू नको." डॉक्टरीणबाईनं तपासायला पाठवलेल्या पुडीचं पुढं काय झालं, ते बाळासोला कधी कळलं नाही. चौकशीची हूल उठली तेव्हा अज्जाचं घर काही दिवस बंद होतं, एवढं मात्र गाडीतले लोक बोलत होते.

चिमणाबाईचं सगळं कार्य उरकल्यावर तो आकारामकडे गेला. आकाराम गोठ्यात धार काढत होता. बाळासोनं उभ्या उभ्याच सांगितलं. पुडी कशाची होती, आपण ती टाकायला कसं सांगितलं, डॉक्टरीण काय म्हणाली, सगळं. आकारामचा हात थांबला. म्हैस चुळबुळली.

"म्हंजे पुडीनं न्हाई मेली," आकाराम सावकाश म्हणाला. "पुडी सोडली म्हणून मेली."

"नक्की सांगता येत न्हाई म्हणत्यात. पण व्हय. तसंच असणार."

आकाराम दुधाच्या चरवीत बघत होता. फेस हळूहळू बसत होता.

"गावात सगळी म्हणत्यात म्हातारी सुखानं गेली. वर्षाराणी बी तसंच म्हणते. मी बी तसंच धरून चाललोतो." त्यानं मान वर केली. "तू हे मला का सांगतोस?"

"तुला हलकं व्हायचंय," आकारामच पुढं म्हणाला. "तू झालास. आता हे घिऊन मी कुटं जाऊ?"

त्यानं शिवी दिली नाही. आवाजही चढवला नाही. "दूध दुसरीकडनं आन उद्यापासनं," एवढंच म्हणाला आणि पुन्हा म्हशीच्या आचळांना हात लावला. बाळासो निघून आला.

मीनाबाईचा पाय राहिला. घोटा मात्र जागच्या जागी थिजला, वर-खाली होईना. ती घरी आली तेव्हा अंगणवाडीत दुसरी बाई लागली होती. बारकी पांढरी गोळी कमी कमी होत वर्षभरानं सुटली आणि सांध्यांच्या वाताच्या त्या जुन्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, ज्या तिनं एकदा फडताळात टाकल्या होत्या. या खेपेला तिनं मळमळ सोसली. तीन-चार महिन्यांनी बोटं जरा मिटायला लागली, सकाळचा ताठरपणा कमी झाला. पण मधल्या काळात गुडघे आतून खायचे ते खाल्ले गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आले, ऑपरेशनं झाली. तोंड उतरलं, मान दिसायला लागली. आता तिच्याकडे बघून कुणी सुधारलीस म्हणत नव्हतं.

बाळासोनं डेपोत अर्ज करून निपाणीची लाइन सोडली. संध्याकाळी घराबाहेर पडायचा नाही. विहारात गेला तरी मागच्या भिंतीला टेकून बसायचा आणि सगळ्यांच्या आधी उठायचा. वर्षाराणी बाजारात दिसली की तो रस्ता बदलायचा. आकारामनं घरात कुणाला काही सांगितलं की नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. गावात त्यावरून कधी कुणी बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला कधी कधी वाटायचं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात एका सकाळी दोघं दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत बसले होते. समोरून हंबीररावांना व्हीलचेअरवर घालून नेत होते. खुब्याचं हाड गेलं होतं त्यांचं. त्यांनी बाळासोला बघितलं आणि तोंड फिरवलं.

मीनाबाई पदरानं मान पुसत म्हणाली, "एक सांगू? रागाला येणार न्हाई न्हवं?"

"सांग."

"चिमणाकाकूचं आठवलं की मला जेवाण जात न्हाई. माझं बी काय झालं ते मला कळतंय." ती थांबली. "पर ती तीन वर्सं बरी हुती. मी पळत हुतो हो. पोरं काखंला मारून पळत हुतो. आता परत जर कुणी पुडी हातावर ठिवली, तर मी टाकून दीन, असं मला छातीवर हात ठिवून सांगता येत न्हाई."

तिनं कुणाला दोष दिला असता तर बाळासोला काहीतरी बोलता आलं असतं.

आतून कंपाउंडरनं मीनाबाईचं नाव पुकारलं. बाळासोनं तिच्या काखेत हात घातला. ती उठायला लागली, अर्ध्यात थांबली, दात आवळून पुन्हा खाली बसली. कंपाउंडरनं दुसऱ्यांदा, जरा जोरात हाक मारली.

"आलो, आलो," बाळासो म्हणाला, आणि तिला पुन्हा उठवायला लागला.